आर्सेनिक तपासणी किट: मात्रा कळते, रूप कळत नाही

रत्नागिरीतील आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेने विहिरी व भातखाचरांतील पाणी तपासण्यासाठी हे किट घेतले. जस्ताची पूड आणि आम्ल नमुन्यात मिसळले की पाण्यातील असेंद्रिय आर्सेनिकापासून आर्सिन वायू तयार होतो आणि झाकणात बसवलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या पट्टीवर पिवळा ते तपकिरी डाग उमटतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे; त्या पातळीचा फिकट डाग डोळ्यांनी ओळखणे कठीण जाते, ५० ला मात्र तो स्पष्ट दिसतो. विहीर संशयास्पद आहे का, एवढेच ठरवायचे असेल तर किट घ्यावे.

डॅफ्निया, म्हणजे पाणपिसूंवर काम करणाऱ्यांची गरज मात्र त्याने भागत नाही. आर्सेनाइट आणि आर्सेनेट या आर्सेनिकाच्या दोन असेंद्रिय रूपांची सारखेच आर्सेनिक असलेली द्रावणे आम्ही तपासली, तेव्हा डागही जवळपास सारखेच आले. जिवंत प्राण्यात या दोघांचे वर्तन मुळीच सारखे नसते. आर्सेनाइटवर नैसर्गिक पाण्याच्या सामूला (pH) विद्युतभार नसतो, त्यामुळे ते पेशीत सहज शिरते आणि प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट धरून विकरे (एन्झाइम) निकामी करते. आर्सेनेट फॉस्फेटच्या वाटेने आत येते, पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू बनण्यात अडथळा आणते, आणि पाण्यात फॉस्फेट भरपूर असेल तर त्याचा प्रवेश काहीसा रोखला जातो. सहसा आर्सेनाइट अधिक विषारी ठरते. मेथिल हा कार्बनयुक्त गट जोडलेली पंचसंयुजी (आर्सेनिकाची संयुजा पाच असलेली) रूपे पुष्कळ सौम्य असली तरी त्यांचीच त्रिसंयुजी (संयुजा तीन असलेली) रूपे आर्सेनाइटहूनही घातक ठरू शकतात, आणि या रूपांचे मोजमाप किट करत नाही. (आपल्या ताटातील समुद्री मासळीत प्रामुख्याने असणारे आर्सेनोबीटेन जवळजवळ निरुपद्रवी असते.)

पावसाळ्यात तुंबलेल्या खाचराच्या चिखलातील प्राणवायू संपला की आर्सेनेटचे आर्सेनाइट होऊ लागते, म्हणजे रूप कळणे जिथे सर्वांत आवश्यक असते तिथेच हे किट अपुरे पडते. ऋणभारित आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या नळीतून पाणी गाळून, गाळण्यापूर्वीचा आणि नंतरचा डाग ताडून पाहिल्यास आर्सेनाइटचा अंदाज येतो, कारण आर्सेनेट नळीतच अडकते. उत्पादकाने अशी नळी किटसोबत द्यायला हवी.

वापरलेल्या पट्ट्यांत पारा असतो, तरीही त्यांची विल्हेवाट कशी लावावी याबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नाही, ही गंभीर उणीव आहे. आम्ही त्या झाकणबंद बरणीत वेगळ्या साठवतो आणि आर्सिन विषारी असल्याने चाचणी उघड्या पडवीतच करतो.