मोबाइलवरच्या साध्या खेळांत जाहिरात: बक्षिसाचा व्हिडिओ, खेळातला फलक की खेळातच मिसळलेला ब्रँड?

मसाले, लोणची, चिवडा किंवा फराळाचे पदार्थ बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या उद्योगाने दिवाळीच्या आधी जाहिरातीसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असते. पूर्वी ती वृत्तपत्र, स्थानिक केबल आणि एसटी स्थानकाजवळचे होर्डिंग यांत वाटली जाई. आता एजन्सीच्या प्रस्तावात मोबाइल गेम नावाची एक ओळ हटकून असते. तिच्या समर्थनासाठी सांगितले जाणारे कारण खरे आहे. नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. तो खेळणारा माणूस स्वतःला गेमर म्हणवत नाही. दुकानाचे शटर ओढल्यावर तो दुसऱ्या गावातल्या मेहुण्याशी दोन डाव खेळतो आणि झोपतो. मसाल्याचा पुडा विकत घेणारे घर याच माणसाचे असते, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचावेसे वाटणे रास्त आहे.

अडचण अशी की ‘गेममध्ये जाहिरात’ या एकाच नावाखाली किमान चार अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि प्रस्तावात पुष्कळदा त्या एकाच ओळीत, एकाच सरासरी दराने मांडलेल्या असतात. त्यांतील कोणती गोष्ट आपल्या उपयोगाची आहे हे ठरवण्यासाठी पाहणाऱ्यांचे आकडे फारसे कामाला येत नाहीत. आपली जाहिरात समोर येते त्या क्षणी खेळणाऱ्याला काय हवे असते, हा प्रश्न प्रत्येक प्रकाराला विचारला की फरक लगेच दिसू लागतो.

बक्षिसाचा व्हिडिओ

या प्रकाराला व्यवसायात रिवॉर्डेड व्हिडिओ म्हणतात. डाव हरला, नाणी संपली किंवा एखादी पातळी सुटेना, की खेळ विचारतो: एक जाहिरात पाहून आणखी एक संधी हवी आहे का? खेळाडू स्वतः होकार देतो, साधारण १५ ते ३० सेकंदांचा व्हिडिओ पाहतो आणि ठरलेले बक्षीस घेतो. हा व्यवहार उघड आहे, दोन्ही बाजूंना मान्य आहे, आणि ब्रँडबद्दल मनात राग न ठेवता संपतो. मला हा या माध्यमाचा सर्वांत प्रामाणिक प्रकार वाटतो.

याचीच दिसायला जवळची पण स्वभावाने उलट बहीण म्हणजे मध्येच अख्खा पडदा व्यापणारी जाहिरात, म्हणजे इंटरस्टिशियल. ती न विचारता येते. गूगल प्लेने ३० सप्टेंबर २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार खेळ चालू असताना किंवा पातळी सुरू होताना अनपेक्षितपणे येणाऱ्या, तसेच १५ सेकंदांनंतरही बंद करता न येणाऱ्या पूर्ण पडद्याच्या जाहिरातींना मनाई आहे. खेळाडूने स्वतः मागितलेल्या बक्षिसाच्या जाहिरातींना त्यातून वगळले आहे. हा फरक बाजारपेठ चालवणाऱ्यालाच नियमात लिहावा लागला, यातच पुष्कळ काही आले. इंटरस्टिशियल स्वस्त मिळते आणि तिच्यावर टिचक्याही भरपूर पडतात, परंतु त्यांतल्या कितीतरी टिचक्या फुलीचे चिन्ह शोधणाऱ्या बोटाच्या असतात. अहवालातला तो ‘प्रतिसाद’ पाहून कोणी हुरळून जाऊ नये.

बक्षिसाच्या व्हिडिओचीही एक उणी बाजू आहे. तो शेवटपर्यंत चालला म्हणजे शेवटपर्यंत पाहिला गेला, असे नव्हे. माणूस तेवढ्या वेळात फोन उपडा ठेवून चहाचा घोट घेऊ शकतो. शिवाय लोकलमध्ये, प्रतीक्षालयात किंवा बाळ झोपलेले असताना खेळणाऱ्याच्या फोनचा आवाज बंद असतो. म्हणून दूरचित्रवाणीसाठी केलेली आडवी फिल्म कापून येथे लावणे हा पैशाचा अपव्यय आहे. लुडोसारखे खेळ उभ्या फोनवर खेळले जातात. व्हिडिओ उभाच हवा, पहिल्या तीन सेकंदांत पुडा आणि नाव दिसायला हवे, आणि जिंगल ऐकू आली नाही तरी मोठ्या अक्षरांतल्या मराठी ओळीवरून अर्थ पूर्ण व्हायला हवा. याचा खर्च तुलनेने कमी आहे आणि फसलेला व्हिडिओ आठवड्याभरात बदलता येतो. पुढील तीन प्रकारांत ही सोय इतक्या सहज मिळत नाही.

खेळातला फलक

मोटारशर्यतीच्या रस्त्याकडेला उभे असलेले होर्डिंग किंवा क्रिकेटच्या मैदानाच्या कडेने लावलेली पट्टी ही खऱ्या जगातल्या जाहिरातीसारखीच खेळाच्या दृश्यात बसवली जाते. ती खेळ थांबवत नाही आणि बहुधा तिच्यावर टिचकीही मारता येत नाही. सभ्यतेच्या कसोटीवर हा प्रकार चांगला आहे. परंतु ज्याचे नाव अजून दोन-तीन जिल्ह्यांपलीकडे गेलेले नाही, अशा उद्योगाने तो घ्यावा असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण मोजमापाच्या नियमातच दडलेले आहे.

अमेरिकेतील आयएबी आणि एमआरसी या संस्थांनी २०२२ मध्ये या फलकांच्या मोजणीची सुधारित तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार स्थिरचित्राच्या फलकाचा किमान अर्धा भाग सलग एक सेकंद पडद्यावर दिसला की ते एक दर्शन धरता येते. एका सेकंदात, तेही समोरून गाड्या येत असताना, डोळा वाचत नाही; तो फक्त ओळखतो. लाल पार्श्वभूमीवरची ओळखीची पांढरी अक्षरे दिसली की काम होते, पण ती आधीपासून ओळखीची असावी लागतात.

त्यात देवनागरीचा आणखी एक प्रश्न आहे, ज्याचा विचार इंग्रजी नमुन्यांवर काम करणाऱ्या एजन्सी क्वचितच करतात. रोमन मोठी अक्षरे फलकाची सगळी उंची वापरू शकतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे त्याच उंचीच्या फलकावर मूळ अक्षर बरेच लहान होते. सहा इंची पडद्यावर, दूरवर तिरप्या उभ्या असलेल्या फलकावर ‘कृष्णाकाठ’ किंवा ‘श्री समर्थ गृहउद्योग’ असे जोडाक्षरांचे नाव म्हणजे केवळ एक काळसर पट्टा उरतो. फलक घ्यायचाच असेल, तर त्याची प्रतिमा आधी आपल्याच फोनवर नखाएवढ्या आकारात पाहावी. वाचता आली नाही, तर नाव बाजूला ठेवून चिन्ह आणि रंग यांवर काम करावे.

आणखी एक मर्यादा अशी की असा फलक उभा राहायला दृश्यात जागा लागते. शर्यत, क्रिकेट, धावण्याचे खेळ यांत ती असते. लुडो, कॅरम, शब्दकोडी यांच्या सपाट पटावर ती जवळजवळ नसते, आणि फराळाचा पुडा विकत घेणारी प्रौढ मंडळी मला तरी नेमकी तिथेच जास्त दिसतात.

खेळातच मिसळलेला ब्रँड

हा प्रकार सर्वांत मोहक आहे, सर्वांत महाग आहे, आणि यात यशस्वी व बेताच्या प्रयत्नांमधला फरक जुन्या उदाहरणांत स्वच्छ दिसतो. झिंगा कंपनीच्या ‘फार्मव्हिल’ या शेतीच्या खेळात, तेव्हा तो फेसबुकवर खेळला जाई, २०१० मध्ये थोड्या महिन्यांच्या अंतराने दोन ब्रँड आले. कॅस्केडियन फार्म या सेंद्रिय खाद्यपदार्थांच्या अमेरिकी ब्रँडने खेळाडूंना आपल्या नावाच्या सेंद्रिय ब्लूबेरी पेरायला दिल्या. मॅकडोनाल्ड्सने एका दिवसासाठी खेळाडूंच्या शेजारी आपले शेत उभे केले आणि भेट देणाऱ्यांना आभासी भेटी दिल्या. दुसरा प्रयोग मोठ्या नावाचा होता, पण पहिला मला कितीतरी अधिक विचारपूर्वक केलेला वाटतो. खेळाडू तिथे पीक घ्यायलाच आलेला होता, आणि ब्रँडने त्याला पीकच दिले. पेरणे, वाट पाहणे आणि काढणे या तिन्ही वेळी नाव त्याच्या हाताखालून गेले. शेजारचे शेत मात्र पाहुण्यासारखे आले आणि गेले.

२०१२ मधले ‘ड्रॉ समथिंग’चे उदाहरण याहूनही साधे आहे. त्या खेळात एकाने दिलेल्या शब्दाचे चित्र काढायचे आणि दुसऱ्याने ते ओळखायचे. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या एनएचएल या लीगने पैसे मोजून आपल्या खेळातले शब्द त्या यादीत घातले. म्हणजे जाहिरातीसाठी वेगळी जागा, वेगळा पडदा असे काहीच नव्हते. ‘पक’ म्हणजे हॉकीची चकती कशी दिसते, हे खेळाडू स्वतः आठवून रेखाटत होता. फलकाला मिळणारा एक सेकंद आणि येथे मिळणारी ती मिनिटे यांची तुलनाच होऊ शकत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या रस्त्यांवरचे आहे. फोन हातात घेऊन खऱ्या रस्त्यांवर फिरत खेळायचा ‘पोकेमॉन गो’ जुलै २०१६ मध्ये जगात आणि त्याच वर्षी डिसेंबरात रिलायन्स जिओशी झालेल्या कराराने भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा जिओची दुकाने खेळातली थांबण्याची ठिकाणे बनली. त्याआधी जपानात मॅकडोनाल्ड्सच्या सुमारे ३,००० उपाहारगृहांनी हेच केले होते. येथे विकली जात होती ती प्रत्यक्ष पावले. प्रायोजकाकडून पैसेही ठिकाणाला दिलेल्या भेटींच्या हिशेबाने घेतले जात. ज्याचे स्वतःचे दुकान आहे त्याला हे उपयोगी. ज्याचा माल किराणा दुकानांतून इतर चार ब्रँडच्या शेजारी विकला जातो, त्याला नाही.

या तिन्हींतून निघणारी कसोटी अशी: आपली वस्तू खेळात तेच काम करते का, जे ती खऱ्या आयुष्यात करते? स्वयंपाकाच्या खेळात गणेशोत्सवाच्या सुमारास मोदकाची पातळी असेल आणि सारणाला वेलचीपूड आपल्या ब्रँडची लागत असेल, तर करार करण्यात अर्थ आहे. गोळ्या जुळवण्याच्या खेळात गोळीच्या जागी आपला पुडा ठेवण्यात नाही. पुण्या-मुंबईतल्या छोट्या स्टुडिओंशी थेट बोलता येते आणि त्यांना मराठी सणांचा संदर्भ समजावून सांगावा लागत नाही, ही जमेची बाजू. मात्र पोहोच त्या एका खेळापुरती असते, काम काही महिन्यांचे असते आणि चूक झाल्यास ती चटकन मागे घेता येत नाही.

मिसळलेपणाची एक नैतिक बाजूही आहे आणि ती मी गौण मानत नाही. जाहिरात जितकी खेळात विरघळते, तितकी ती जाहिरात म्हणून ओळखणे लहान मुलांना कठीण जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या अननुभवाचा आणि भोळेपणाचा फायदा घेणाऱ्या जाहिराती चालत नाहीत, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. खेळात आपले नाव येईल तिथे ‘प्रायोजित’ हा शब्द मराठीत, वाचता येईल अशा आकारात असावा, हे करारातच लिहून घ्यावे.

चौथा पर्याय म्हणजे स्वतःचाच खेळ काढणे. बार्कलेकार्ड या ब्रिटिश कार्ड कंपनीने २००९ मध्ये आयफोनसाठी पाण्याच्या घसरगुंडीचा खेळ काढला आणि तो गाजला, पण त्याच्या मागे आधीच गाजलेली घसरगुंडीची दूरचित्रवाणी जाहिरात होती. मध्यम उद्योगाला आधी खेळ बनवण्याचा आणि मग तो खेळच लोकांनी उतरवून घ्यावा म्हणून जाहिरातीचा, असा दुहेरी खर्च पडतो. हा पर्याय सोडून द्यावा.

पैसे देण्यापूर्वी

एका मोहिमेत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका खाद्यपदार्थ-उत्पादकासाठी आम्ही बक्षिसाच्या व्हिडिओंची मोहीम चालवली, आकडे सुरेख आले, आणि शेवटी हट्टाने मागवलेल्या तपशिलात दिसले की मोठा हिस्सा चित्रे रंगवण्याच्या बालखेळांत गेला होता. आईच्या फोनवर चार वर्षांच्या मुलाने पाहिलेले ते व्हिडिओ होते. खेळांची यादी आधी मागितली नाही, ही माझी चूक होती. तेव्हापासून कोणत्या खेळांत जाहिरात दिसेल याची नावानिशी यादी आणि बालखेळ वगळल्याची लेखी हमी मिळाल्याशिवाय मी करार पुढे सरकू देत नाही.

जिल्हावार निवड करून देतो, या आश्वासनाकडेही सावधपणे पाहावे. मोबाइल इंटरनेटच्या पत्त्यावरून जागा ठरवली, तर साताऱ्यातला माणूस पुण्यात किंवा मुंबईत दिसू शकतो. राज्याची निवड पुरेशी विश्वासार्ह असते, तालुक्याची नाही. म्हणून ‘सांगलीत चालवू आणि सोलापुरात नको, मग विक्री ताडून पाहू’ ही एरवी उत्तम असलेली चाचणी येथे फसू शकते. त्याऐवजी मी एक साधी खूण सुचवतो: एखादा छोटा पुडा किंवा फराळाचा एकत्र संच असा ठेवावा, जो फक्त गेममधल्या जाहिरातीत दिसेल, इतर कुठेही नाही. मग वितरकांना एकच गोष्ट टिपून ठेवायला सांगावी, की दुकानदारांकडे तो नावाने किती वेळा मागितला गेला.

पहिल्या हंगामात सगळी रक्कम बक्षिसाच्या व्हिडिओवर लावावी, दोन वेगळे मराठी व्हिडिओ करून पंधरा दिवसांनी कमकुवत असलेला काढून टाकावा, आणि फलकाला हात लावू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्या छोट्या पुड्याची मागणी खरोखर आली, तर पुढच्या वर्षी एखाद्या स्वयंपाकाच्या खेळाच्या स्टुडिओशी बोलणी करावीत. गणेशोत्सवातली मोदकाची पातळी वेळेवर हवी असेल, तर ती बोलणी गुढीपाडव्याच्या आत सुरू व्हायला हवीत.