पीटी-३ अर्ज: स्वतःच्या घरात राहतो, हे सांगायचे पंचवीस रुपये

पुणे महापालिकेच्या मिळकतकरात (घरपट्टीत) सवलत मिळवण्यासाठी द्यायच्या पीटी-३ अर्जाला पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन १९७० सालच्या मुख्यसभेला, म्हणजे नगरसेवकांच्या सभेला, आणि अर्धा खिडकीपलीकडच्या त्या बाईंना. अर्जाला म्हणून स्वतंत्र तारा द्यावा असं त्यात काही नाही.

पुणे महापालिकेच्या मुख्यसभेने १९७० मध्ये ठराव केला: जो मालक स्वतःच्या घरात राहतो, त्याच्या घराचं, कर ज्यावर लागतो ते वार्षिक भाडं धरताना ४० टक्के सूट द्यायची. वर देखभाल-दुरुस्तीची वजावट १० ऐवजी १५ टक्के. माझे सासरे हा ठराव अगदी घरातलं कार्य असल्यासारखा सांगतात. सदाशिव पेठेतल्या घराची जुनी बिलं त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत, वर्षवार, रबरबँड लावून. आम्ही २०२० मध्ये आनंदनगरला फ्लॅट घेतला आणि पहिलं बिल त्यांना दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "अगं, चाळीस टक्के कुठे गेले?"

गेले होते खरेच. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की कायद्यात अशा सवलतीची तरतूदच नाही. दुरुस्तीची वजावटही कायद्याप्रमाणे १० टक्केच. मग २०१९ मध्ये राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला. विखंडित! एरवी मूर्ती किंवा शिलालेखांबद्दल वाचायचा शब्द. महापालिकेने केलेला ठराव मंत्रालयातून असा मोडता येतो, हे मला तेव्हा कळलं. आणि ज्यांच्या घराची नोंद १ एप्रिल २०१९ नंतर झाली, त्या आमच्यासारख्यांना सवलत मिळालीच नव्हती, त्यामुळे गेल्याचं दुःखही नीट करता आलं नाही.

सासऱ्यांनी वहीत मांडलेलं गणित इथे देते, कारण कुठल्याही पत्रकापेक्षा ते सोपं आहे. समजा वर्षाचं भाडं ४०,००० धरलं. जुन्या ठरावाप्रमाणे ४० टक्के गेले, उरले २४,०००. त्यातून १५ टक्के वजा, कर लागणार २०,४०० वर. ठराव मोडल्यावर तेच घर ३६,००० वर. भिंती त्याच, गळणारी गॅलरीही तीच. "मी काय घर वाढवलंय का?" असं ते त्या वहीलाच विचारत होते.

मग २०२३ उजाडलं. कसब्याच्या पोटनिवडणुकीत हा विषय चांगलाच गाजला आणि एप्रिलमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने सवलत परत आणली. ४० टक्के पूर्ववत, दुरुस्तीचे मात्र १०च. वहीतल्या घराचा आकडा आता २१,६००. जुन्यापेक्षा बाराशेने जास्त, पण ३६,००० पुढे हे म्हणजे दिवाळीच. गंमत अशी की त्या वेळी महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांच्या हाती होता. मुख्यसभेने दिलेलं मुख्यसभेशिवाय परत आलं. आमच्या वॉर्डातल्या माजी नगरसेवकांनी अभिनंदनाचे फलक लावले, ते लावणारच. पुण्यात स्पीडब्रेकर रंगवला तरी फलक लागतो.

परत मिळालं, पण आपोआप नाही. त्यासाठी हा पीटी-३. ज्या जुन्यांची सवलत मधल्या काळातही चालूच राहिली होती, त्यांना काही करायचं नव्हतं. आम्ही नव्याने नोंदलेले, आणि मधल्या काळात ज्यांची काढून घेतली होती ते, यांनी अर्ज करायचा. पहिली मुदत १५ नोव्हेंबर २०२३. शुल्क २५ रुपये. सोबत सोसायटीचं पत्र की सदर सदनिकेत मालक स्वतः राहतात. मतदान ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांतलं काहीतरी. आणि शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या कराच्या बिलाची प्रत.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. दिवाळीच्या फराळातून वेळ काढून, चकलीच्या तेलाचा वास अंगावर घेऊन मी अर्ज द्यायला गेले आणि खिडकीशी उभी राहिल्यावर लक्षात आलं की माझ्या मतदान ओळखपत्रावर अजून सदाशिव पेठच आहे. तीन वर्षं पत्ता बदलायचा आळस केला, तो असा अंगाशी आला. वाहन परवान्यावर तर माहेरचा सातारचा पत्ता. कागदोपत्री मी दोन गावांत राहत होते, फक्त स्वतःच्या घरात नव्हते.

खिडकीपलीकडच्या बाईंनी माझे कागद पत्त्यांसारखे पसरून पाहिले आणि विचारलं, "घरी गॅस कुणाच्या नावावर आहे?" मिस्टरांच्या. "फ्लॅट दोघांच्या नावावर ना? मग त्यांचं गॅस कार्ड आणा, अर्जावर त्यांचीही सही घ्या. जा, जेवायच्या सुट्टीआधी आलात तर आजच घेते." मी रिक्षाने गेले, रिक्षाने आले. रिक्षाचे पैसे अर्जाच्या शुल्काच्या सहापट झाले. पण पोच मिळाली, शिक्क्यासकट. अर्धा तारा तो हा.

सोसायटीच्या पत्राचा किस्सा वेगळाच. आमचे सेक्रेटरी त्या पंधरवड्यात लेटरहेडचं पॅड घेऊनच फिरत होते. एक गृहस्थ बाणेरला राहतात, आमच्या इमारतीतला त्यांचा फ्लॅट भाड्याने दिलाय, तेही पत्र मागायला आले. "लिहून टाका हो, कोण बघतंय." सेक्रेटरी म्हणाले, "महापालिकेचे पेठ निरीक्षक बघतात, आणि त्यांनी नाही बघितलं तरी समोरच्या वहिनी बघतात." समोरची वहिनी म्हणजे मी. त्यानंतर ते गृहस्थ लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

आता तक्रार. मधल्या काळात जादा भरलेली रक्कम रोख परत मिळत नाही. पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळती होते. आपल्याकडून थकबाकी राहिली की महिन्याला २ टक्के शास्ती, आणि आपले त्यांच्याकडे राहिले की चार सावकाश हप्ते, बिनव्याजी. एक अख्खा तारा मी इथे कापला आहे. उरलेला अर्धा कापला तो पुराव्यासाठी. माणूस आपल्या घरात राहतो हे गृहीत धरायचं आणि भाड्याने देणाऱ्याला शोधायचं, की सगळ्यांना भाडेकरूवाले समजून प्रत्येकाकडून कागद मागायचा? १९७० च्या सभेने पहिली वाट धरली होती.

पुढचं बिल आलं तेव्हा सासऱ्यांनीच पाकीट उघडलं. सवलत लागली होती. त्यांनी वही काढून आकडा ताडून पाहिला, चार रुपयांचा फरक निघाला, तो कशाचा यावर संध्याकाळभर विचार केला, आणि मग ते बिलही रबरबँड लावून डब्यात गेलं.

अर्ज करायचा राहिला असेल तर जाताना एवढं करा: आधी ओळखपत्रावरचा पत्ता वाचा. मोठ्याने.