डायलिसिस नळी: चाळणी म्हणून उत्तम, पेशीपटल म्हणून कच्ची

परासरणाच्या (पातळ पडद्यातून पाणी कमी तीव्रतेच्या द्रावणाकडून जास्त तीव्रतेच्या द्रावणाकडे जाण्याच्या) प्रयोगासाठी रोलमध्ये मिळणारी डायलिसिस नळी ‘प्राणीपेशीचं प्रारूप’ म्हणूनही दाखवली जाते. ही पारदर्शक नळी पुनर्निर्मित सेल्युलोजची असते. वेष्टनावर बहुतेक वेळा १२,००० ते १४,००० डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) असा आकडा छापलेला दिसतो. साधारण त्याहून मोठे रेणू आत अडकतात, लहान रेणू निसटतात. खरेदीआधी हा आकडा नीट पाहावा, कारण साखरेचा रेणू अवघा ३४२ डाल्टनचा आहे. ‘साखर आत राहते, फक्त पाणी ये-जा करते’ असं माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तर ते चूक आहे. पाणी झपाट्याने आत येतं आणि साखर सावकाश बाहेर झिरपते, म्हणून साखरेचं द्रावण भरून बांधलेल्या नळीच्या पिशवीचं वजन सुरुवातीला वाढतं. रात्रभर ठेवली की हिशेब बिघडतो. तेव्हा निरीक्षणं पहिल्या तासाभरातच घ्यावीत.

पद्धत सोपी, पण घाई चालत नाही. १५ सेंमी तुकडा पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि बोटांच्या चिमटीत चोळून तोंड उघडा. एक टोक दुमडून दोऱ्याने घट्ट बांधा. ओली नळी निसरडी असते, नुसती गाठ सुटते. क्लिप मिळत असेल तर तीच घ्या. २० टक्के साखरेचं १० मिली द्रावण भरा आणि वरच्या टोकाशी थोडी जागा मोकळी सोडा. काठोकाठ भरलेल्या पिशवीत शिरणाऱ्या पाण्याला जागाच उरत नाही. बांधल्यावर बाहेरून धुऊन, टिपून मगच वजन करा. दर दहा मिनिटांनी वजन करताना पुन्हा तितकंच टिपा, नाहीतर बाहेर चिकटलेलं पाणीच वाढ म्हणून मोजलं जाईल.

या नळीचा सर्वांत चांगला उपयोग स्टार्च-ग्लुकोजच्या प्रयोगात होतो. आत दोन्हींचं मिश्रण ठेवा, बाहेरच्या पाण्यात आयोडिनचे थेंब टाकून फिकट पिवळा रंग आणा. काही वेळात पिशवीतलं द्रावण निळं-काळं होतं आणि बाहेरचं पाणी पिवळंच राहतं. बाहेरचं पाणीही निळं झालं, तर गाठ गळतेय किंवा पिशवी धुतलेली नाही. ग्लुकोज तपासायला बाजूला आयोडिन नसलेल्या पाण्यात दुसरी पिशवी ठेवा आणि अर्ध्या तासाने ते पाणी बेनेडिक्ट द्रावणासह (ग्लुकोज असेल तर याचा निळा रंग बदलतो) उकळत्या पाण्यात पाच मिनिटं तापवा. ग्लुकोजऐवजी साधी साखर वापरू नका. ती क्षपणकारी (बेनेडिक्टमधल्या तांब्याशी अभिक्रिया करणारी) नसल्याने रंग बदलत नाही आणि दोष नाहक नळीवर येतो.

‘प्राणीपेशीचं प्रारूप’ हा दावा मात्र मान्य होण्यासारखा नाही. प्राणीपेशीचं पटल साधारण ७-८ नॅनोमीटर जाड असतं. फॉस्फोलिपिडचे दोन थर, मध्ये कोलेस्टेरॉल आणि थरांत रुतलेली प्रथिनं अशी त्याची घडण. कित्येक पेशींत पाणी मुख्यतः अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनांतून जातं (त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं), तर ग्लुकोजला वेगळं वाहक प्रथिन लागतं. सोडियमचे आयन थरातून सहजी पार होत नाहीत, म्हणूनच ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात तांबड्या पेशी शाबूत राहतात. तितक्याच परासरणी तीव्रतेच्या युरियात मात्र त्या फुटतात, कारण युरिया आत शिरतो आणि मागोमाग पाणीही. नळीतून मीठ आणि युरिया दोन्ही बिनबोभाट जातात.

शिवाय नळी सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतीच्या पेशीभित्तिकेच्याच द्रव्याची. ती ताठ होते, पण अवपरासारी (पेशीच्या आतल्यापेक्षा कमी तीव्रतेच्या) द्रावणात तांबड्या पेशीसारखी फुटत नाही. व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेल्या अंड्याचंही तसंच: उरतो तो प्रथिनतंतूंचा पापुद्रा, पेशीपटल नव्हे.

पाचपैकी साडेतीन तारे. कोरडा रोल बंद पिशवीत ठेवावा. एकदा भिजलेला तुकडा वाळू देऊ नये, तो ठिसूळ होऊन तडकतो. दोन-चार दिवस टिकवायचा असेल तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. त्याहून जास्त ठेवल्यास बुरशी येते आणि सेल्युलोज कुजून भोकं पडतात.