वाक्प्रचारांचं अ‍ॅप: आवाज छान, अर्थ अर्धवट

ब्रिटिश सहकाऱ्याने लिहिलं, 'टेबल करू या हा मुद्दा.' मी तो बैठकीच्या यादीतून काढून टाकला. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे लांबणीवर टाकणं, तेवढंच मला ठाऊक. ब्रिटनमध्ये नेमकं उलट, चर्चेला घेणं! त्याचं उत्तर आलं: 'यू हॅव गॉट द राँग एंड ऑफ द स्टिक.' आता ही काठी कुठली? त्याच रात्री हे अ‍ॅप घेतलं. सहा महिने वापरतेय.

उच्चार उत्तम. सावकाश ऐकायची सोयही आहे, आणि दिलेले तीन तारे त्यासाठीच.

अर्थाचं मात्र कठीण आहे. काठीचं चुकीचं टोक हाती येणं म्हणजे गैरसमज होणं, इथपर्यंत बरोबर. पण 'समान अर्थ' म्हणून खाली 'शॉर्ट एंड ऑफ द स्टिक' दिलंय. त्याचा समजुतीशी काही संबंध नाही, वाटणीत आपल्यावर अन्याय होणं असा त्याचा अर्थ. मराठी पर्याय दिलाय 'ध चा मा करणे'. अहो, तिथे अक्षर मुद्दाम बदललं जातं, गैरसमज बिचारा निरागस असतो! 'मी सांगते एक, तू ऐकतोस भलतंच' एवढं साधं वाक्य कुणाला सुचू नये?

उगमाच्या रकान्यात रोमन संडासातल्या स्पंजच्या दांड्याची गोष्ट ठोकून दिली आहे. वाचायला मजा येते, पण तिला पुरावा नाही. इंग्रजीत सोळाव्या शतकात काठीचं 'वाईट टोक' मिळणं म्हणजे व्यवहारात मार खाणं असा प्रयोग होता. गैरसमजाचा अर्थ नंतरचा.

मला खरं हवं होतं ते हे की हा वाक्प्रचार कुणापुढे वापरावा. त्याबद्दल एक ओळ नाही. तो मुख्यतः ब्रिटिश आणि बोलण्यातला. स्वतःबद्दल म्हटलं तर चूक मोकळेपणाने कबूल केल्यासारखं वाटतं. साहेबाला 'तुम्ही चुकीचं टोक धरलंत' म्हणाल तर जरा टोचेल. मी सहकाऱ्याला 'आय गॉट द राँग एंड ऑफ द स्टिक, सॉरी' एवढंच लिहिलं आणि मुद्दा यादीत परत घातला.

आणि हो, अ‍ॅपमध्ये 'टेबल' शोधलं. लाकडी टेबलाचं चित्र आलं.