जुना लॅपटॉप घेताना झालेली फसवणूक

मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, तेव्हा नव्या लॅपटॉपचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावरची जाहिरात पाहून मी २०२० सालचा, एम१ चिपचा अ‍ॅपलचा मॅकबुक एअर ३८,००० रुपयांना घेतला. विकणारा तरुण हिंजवडीत नोकरी करत असल्याचे सांगत होता. पुण्यात बाणेरला एका चहाच्या दुकानाबाहेर आम्ही भेटलो. त्याने लॅपटॉप सुरू करून दाखवला, एकेक कळ दाबून पाहू दिली, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि मी तिथेच यूपीआयने पैसे पाठवले. लॅपटॉप उलटा करून पाहिला होता, तेव्हा तळाला डिंकाचा बोटभर लांबीचा चौकोनी डाग हाताला चिकटला होता. त्याबद्दल विचारले असता, ‘काका, कॉलेजचं स्टिकर होतं,’ असे उत्तर मिळाले आणि मी ते खरे मानले. कंपन्या आपल्या यंत्रांवर मालमत्ता क्रमांकाची पट्टी बहुधा तिथेच चिकटवतात, हे मला नंतर कळले.

अकरा दिवस काहीच अडचण आली नाही. बाराव्या दिवशी, आधीच्या माणसाचे काही उरू नये म्हणून मुलीने सगळी माहिती पुसून लॅपटॉप नव्याने सुरू केला, घरचे वायफाय जोडले आणि पडद्यावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ (म्हणजे दुरून नियंत्रण) असा मथळा व त्याखाली एका कंपनीचे नाव आले. पुढे जायचे तर त्या कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड हवा होता. चिठ्ठीवरच्या पासवर्डचा तिथे काही उपयोग नव्हता.

यंत्र कंपनीचे असल्याची ही नोंद म्हणजे पहिले कुलूप; ते लॅपटॉपच्या आत नसते, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. कंपनीने घेतलेल्या यंत्राचा अनुक्रमांक (सीरियल नंबर) अ‍ॅपलच्या सर्व्हरवर त्या कंपनीच्या नावे नोंदवलेला असतो, त्यामुळे यंत्र कितीही वेळा पुसले तरी इंटरनेट मिळताच ते पुन्हा त्याच कंपनीचे नाव दाखवते आणि ती नोंद काढण्याचा अधिकार कंपनीकडेच असतो. दुसरे कुलूप वैयक्तिक खात्याचे, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्हेशन लॉक’चे, ते मूळ मालक आपल्या खात्यातून दूर बसूनही काढू शकतो आणि खरेदीचे मूळ बिल असेल तर अ‍ॅपलकडे विनंती करता येते. विंडोजच्या कंपनी-लॅपटॉपांतही बायोस पासवर्ड (यंत्र सुरू होतानाच मागितला जाणारा) किंवा कंपनीची नोंदणी अशीच आडवी येते. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, १४४२२ वर एसएमएस करून तपासता येतो, पण बहुतेक लॅपटॉपना आयएमईआय नसल्याने ती सोय इथे नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या खात्यातून बाहेर पडायला लावा, लॅपटॉप त्याच्यासमोर पूर्ण पुसा, स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि तुमचे नवे खाते उघडून डेस्कटॉप दिसेपर्यंत थांबा. त्याला घाई असेल तर व्यवहार सोडून द्या. बिलावरचा अनुक्रमांक तळाशी कोरलेल्या क्रमांकाशी जुळवा, आणि ‘कंपनीने दिला’ असे कोणी म्हणत असेल तर कंपनीचे पत्र मागा. हे मी काहीच केले नाही, कारण समोर चालू असलेला लॅपटॉप मला पुरेसा वाटला.

दुरुस्तीच्या एका दुकानात ४,००० रुपयांत हे कुलूप ‘बायपास’ करून देण्याची तयारी दाखवली गेली. मी नकार दिला. वस्तू दुसऱ्याची आहे हे कळल्यावर ती वापरणे मला पटणारे नव्हते, शिवाय ती चोरीची आहे हे माहीत असताना जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. पडद्यावरच्या नावावरून मी कंपनीशी संपर्क साधला. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याने तो लॅपटॉप परत केलाच नव्हता, असे त्यांनी सांगितले. मी लॅपटॉप त्यांच्या स्वाधीन केला आणि अनुक्रमांकासह लेखी पोच घेतली.

विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, परंतु तोवर दोन आठवडे उलटून गेले होते आणि त्या खात्यात रक्कम उरली नव्हती. पोलीस ठाण्यात अर्ज देताना अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी खरेदीची पावती मागितली. माझ्याकडे यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि पासवर्डची ती चिठ्ठी एवढेच होते. विकणाऱ्याचे हस्ताक्षर म्हणून ती अर्जासोबत जोडली आहे.