गावाकडच्या आईबाबांसाठी काय बरे: थंब, साधा फोन की यूपीआय?

कापसाचा चुकारा, पीएम किसानचा हप्ता, निराधारचे पैसे, सगळे आता थेट खात्यात जमा होते. ते सुखरूप हातात कसे यावे, हा प्रश्न यवतमाळ-वाशीमच्या खेड्यातल्या सत्तरीच्या माणसाला पडतो आणि नागपूर-पुण्यात नोकरीला असलेल्या त्याच्या मुलांनाही. घरी गेल्यावर काय सुरू करून द्यावे, याचा विचार करणाऱ्यांसाठी हा आढावा.

बहुतेकांना जमते ते थंब. बँक मित्राकडे, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्याकडे, जायचे, आधार नंबर सांगायचा, अंगठा लावायचा. पिन नको, वाचणे नको. एका व्यवहारात १० हजारांपर्यंत निघतात. काही गावांत पोस्टमनही घरी येऊन असे पैसे देतो, आणि चालता न येणाऱ्यांसाठी मला तोच मार्ग सगळ्यांत चांगला वाटतो.

थंबचा धोका मशीनसमोरच असतो. "लागला नाही आबाजी, अजून एकडाव लावा" म्हणत दोनदा अंगठा घेतला, तर खात्यातून दोनदा पैसे जाऊन हातात एकदाचेच पडू शकतात. निंदण-वेचणीत बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे अंगठा खरोखरच लागत नाही असेही होते. खरे काय ते उभ्या उभ्या कळत नाही. म्हणून दर वेळी पावती मागायची, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आपलाच आहे ना, हे शाखेत जाऊन एकदा बघून यायचे. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, असे बरेच जण सुचवतात. सल्ला चांगला आहे, पण लॉक केल्यावर रेशन दुकानातला अंगठाही चालत नाही. दर महिन्याला ते उघडून देणारे कोणी घरात असेल तरच त्या वाटेला जा.

बटणांच्या फोनवर २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून ०८०-४५१६३६६६ वर फोन लावायचा आणि आवाज सांगेल तसे आकडे दाबायचे. मर्यादा इथेही १० हजारांचीच. याचा मोठा फायदा असा की पीएम किसान किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये फसवे अ‍ॅप बसवणारी फाइल, या फोनवर उघडूच शकत नाही. ऐकायला कमी येत असेल तर मात्र त्रास होतो.

स्मार्टफोनवरचे यूपीआय सोयीचे आहे आणि सगळ्यांत जास्त जपावे लागते तेही तिथेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीला पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली, त्यामुळे फसवणुकीचा एक जुना रस्ता बुजला. एपीकेचा रस्ता उघडाच आहे. मी तर सांगेन, चुकाऱ्याच्या आणि एफडीच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. दुसरे लहान खाते उघडा, त्यात दोन-तीन हजार ठेवा आणि क्यूआर त्यावरूनच चालवू द्या.

मुलाची कमाई बरी असेल तर यूपीआय सर्कल बघा. खाते मुलाचे, स्कॅन आई करते, आणि रक्कम मुलाच्या फोनवर त्याच्या पिनने मंजूर होते. आईचे खाते यात येतच नाही. दर वेळी मंजुरी नको असेल तर महिन्याला १५ हजारांपर्यंतची मर्यादा आधीच ठरवून देता येते. मात्र मंजुरीच्या पद्धतीत मुलगा मीटिंगमध्ये अडकला की आई दुकानात ताटकळते.

वडिलांचा पिन घेऊन सगळे आपणच चालवणे सोपे वाटते, पण मला ते पटत नाही. आयुष्यभर हिशेब ठेवलेल्या माणसाला स्वतःच्या पैशासाठी मुलाला विचारावे लागते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत पिन दुसऱ्याला देणे हा ग्राहकाचाच निष्काळजीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी येते. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर बोजा पडत नाही.

म्हातारे दोघेच गावात असतील तर मी थंब आणि पासबुक हेच निवडेन. सोबत नातू असेल तर लहान खात्यावर यूपीआय. दोन्हीकडे १९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पैसे गेल्याचे कळताच आधी तिथे फोन करायचा, मग बँकेत. आणि घरच्यांच्या रागाच्या भीतीने ते गप्प बसतात, म्हणून कोणी रागावणार नाही हे त्यांना आजच सांगून ठेवा.