आंब्याखालचं लिरिओपी : चौदा महिन्यांनंतर

पुण्यात घरामागे जुना आंबा आहे. त्याच्याखाली तीनदा लॉन लावलं, तिन्ही वेळा वर्षभरात टक्कल पडलं. गेल्या जुलैत एका नर्सरीतून 'मिनी मोंडो' या बुटक्या, गवतासारख्या रोपाच्या म्हणून साठ पिशव्या आणल्या, पस्तीस रुपयांना एक. चार बोटं उंचीचं दाट हिरवं गवत होईल, असं सांगितलं होतं. म्हणून सहा-सहा इंचांवर लावली.

दिवाळीपर्यंत पाती फूटभर झाली. विचारलं तर नर्सरीवाला म्हणाला, "खत जास्त झालं, साहेब." मी खत घातलंच नव्हतं! उलगडा व्हायला यंदाचा श्रावण उजाडला. पात्यांमधून जांभळ्या फुलांचे ताठ तुरे वर आले. मोंडोची फुलं खाली माना घालतात आणि बी निळं धरतं. दिसायला तसंच असलेल्या लिरिओपीचा तुरा मात्र सरळ उभा राहतो आणि बी काळं होतं. म्हणजे माझ्याकडे लिरिओपी मस्कारी आलंय. इंग्रजीत याला लिली टर्फ म्हणतात, पण हे ना लिली, ना गवत. मूळ चीन-जपानकडचं, कुळ शतावरीचं. उपटून पाहिलं तर मुळांना शतावरीसारख्याच छोट्या गाठी दिसतात. पाणी तिथे साठतं, म्हणून एप्रिलमध्ये आम्ही आठ दिवस गावी गेलो तरी काही बिघडलं नाही.

बिघडलं ते पावसात. आमची काळी माती, त्यात माळ्याने रोपं खोल दाबली. ऑगस्टपर्यंत अकरा गड्डे कुजले. पात ओढली की बुडासकट हातात यायची. मग वाफा उकरून मुरूम आणि शेणखत मिसळलं, चार इंच उंच केला आणि कोंब मातीच्या वर राहील अशी उरलेली रोपं बसवली. त्यानंतर एकही गेलं नाही. फूटभर अंतर लागणारं झाड मी सहा इंचांवर कोंबलं होतं, तेव्हा ते अकरा गेले हे एका अर्थी बरंच झालं.

छाटणी वर्षातून एकदाच, नवे कोंब फुटायच्या आधी. मी फेब्रुवारीत सुरुवात केली, पण शेवटची रांग राहून गेली आणि मार्चच्या मध्यावर कापली. त्या रांगेतल्या नव्या पात्यांची टोकं कात्रीने उडाली, ती आजही बोथट आहेत. लॉनसारखी दर पंधरवड्याला कटकट नाही, हे मात्र खरं.

तक्रारी आहेतच. यावर चालता येत नाही. नातवाचा चेंडू गेला की दोन पाती मोडतातच. आंब्याची वाळकी पानं गड्ड्यांत अडकतात, झाडू चालत नाही, हाताने वेचावी लागतात. पावसाळ्यात आत गोगलगायी लपतात, रात्री टॉर्च घेऊन काढतो. कुंपणालगतच्या उन्हातल्या रोपांची टोकं मे महिन्यात करपली.

शेजारच्या काकू आधी याला गवती चहा समजल्या होत्या, दोन पाती मागूनही गेल्या. यंदा त्यांनी तुरे गौरीसाठी नेले.

पुढच्या जूनमध्ये दाट झालेले गड्डे खुरप्याने फोडून उत्तरेच्या भिंतीलगत लावणार आहे. बियांच्या भानगडीत पडत नाही, फार वेळ लागतो. आणि नर्सरीतून आणायचंच झालं, तर तुरा आलेलं रोप बघूनच.